केसपेपर आईच्या नावाचा

चुलत काकांचा फोन आला तेव्हा मी मस्कतला, हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या मशीनवर उभा होतो. कामाच्या वेळी फोन घ्यायची मुभा नाही. पण काका मला कधी फोन करत नाहीत. त्यांचं शेत आणि आमचं शेत एकाच बांधाला लागून, आणि बांधाला बांध असला की आमच्याकडे बोलणं बेताचंच असतं. म्हणून मी चादर तशीच सोडली आणि मशीनच्या मागे गेलो.

"तुझ्या बापानं बांध सरकवला," काका म्हणाले.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, पण बाजार आणि दवाखाना कर्जतला. या सगळ्या पट्ट्यात मुंबईवाल्यांचे बंगले उठल्यापासून वीतभर जमिनीवरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. बांध सरकवला म्हणजे पुढे पोलीस, मोजणी, तारखा. मी हळूच विचारलं, "किती घेतला?"

"घेतला नाय रं, दिला. तुमच्याच बाजूला दोन हात आत नेला. या टोकापास्नं त्या टोकापर्यंत, एकल्यानं. मधी तुमचा वाल उभा होता, तो पन उपटून टाकला."

"मग काका, तुमची तक्रार काय आहे?"

"तक्रार नाय. ऐक जरा. माणूस बांध बाहेर ढकलतो, ते मला समजतं. माझ्या बापानं ढकलला, तुझ्या आज्यानं पन ढकलला. पन डोकं ठिकानावर असलेला माणूस बांध आत घेत नाय. तुझा बाप बरा नाय. तू ये."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. दोन हात जमीन फुकट मिळालेला माणूस मला बोलावत होता, हे मला आजही नवल वाटतं. ते गप्प बसले असते तर मला पुढच्या सुट्टीपर्यंत कळलंही नसतं. आईनं सांगितलं नसतं. घरात असं काही आहे हे बाहेर गेलं तर मला मुलगी कोण देईल, याची तिला धास्ती होती.

गावात बाबांची ओळख फावड्यावरून होती. बांध घालावा तर त्यांनीच, असं लोक म्हणत. काही वर्षं अशी यायची की त्यांच्या अंगात दोन माणसांचं बळ असायचं. दिवसभर स्वतःच्या शेतात, मग न बोलावता दुसऱ्याच्या. झोप नावापुरती. बोलणं थांबायचं नाही. लोक मला म्हणायचे, "बाप बघ तुझा. शिक काहीतरी." मला अभिमान वाटायचा.

आणि मग एखादं वर्ष असं यायचं की ते ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी आठवीत होतो तेव्हा असेच पडले, ते दोन वर्षं. ऐन लावणीला घरात पुरुष माणूस नाही म्हटल्यावर मी शाळेत जायचं बंद केलं. कुणी बंद करायला सांगितलं नाही, कुणी परत जा असंही म्हटलं नाही. गाव म्हणायचं, आळस भरलाय. कुणी म्हणायचं, सोंग आहे. मीही तेच म्हणू लागलो. एकदा चिखलाच्या पायांनी ओटीवर चढून मी त्यांना म्हणालो, "झोपा तुमी. तुमच्या बायकोला मी पोसतो." तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

आमच्या घरात माणूस बरा की आजारी हे कामावरून ठरायचं. ताप आला तरी माणूस शेतावर गेला तर तो बरा. त्यामुळे बाबा पडून राहायचे तेव्हा आम्हाला राग यायचा, आणि उठून वाऱ्यासारखे कामाला लागायचे तेव्हा आम्ही देवाला नारळ फोडायचो. दोन्ही वेळा तो एकच माणूस आजारी होता, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. बांध आत सरकेपर्यंत आलं नाही.

लाँड्रीचा सुपरवायझर केरळचा आहे. मी त्याला माझ्या तुटक्या हिंदीत सांगितलं की वडिलांच्या डोक्याचा त्रास आहे. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. पासपोर्टची तारीख बघितली आणि पंधरा दिवसांच्या रजेवर सही केली. त्या सहीबद्दल मी त्याला नीट धन्यवादही देऊ शकलो नाही.

खालापूरच्या फाट्यावर एसटीतून उतरलो तर बाबा समोर उभे. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. माझी जड बॅग त्यांनी डोक्यावर घेतली आणि गावापर्यंत चालतच नेली. वाटेत किती बोलले. रस्त्याचं गटार कुठे चुकलंय, कुणाची विहीर कुठे खणायला हवी होती, शाळेच्या मागे तळं केलं तर काय होईल. मला वाटलं, काकांनी उगाच घाबरवलं. मग त्यांनी बॅग खाली ठेवली तेव्हा हात दिसले. तळव्यांची सालं निघालेली, बोटांत रक्त सुकलेलं. त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

आई चुलीपाशी बसली होती. निम्मी झाली होती. बाबा परसात काहीतरी ठोकायला गेल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली.

"मागल्या आठवड्यात वर वाडीवर नेलं, भगताकडं. नारळ नेला, लिंबं नेली. ह्यांनी आत पाय ठेवला नि वर बघितलं. कौलं सरकलेली. चढले वर. दोन दिवस तेच. भगत खालनं हाका मारतोय, अरं ये खाली, तुझं बघायचं हाय. हे म्हन्तात, थांब, आधी तुझं बघतो."

ती हसायला लागली आणि हसता हसताच तिनं पदर तोंडाला लावला.

"मग भगत काय बोलला?"

"बोलला, बाहेरचं काय नाय. ह्याला दवाखान्यात न्या. पन कौलं पुरी झाली की न्या."

कुठल्या दवाखान्यात, हे गावातल्या आशाताईंनी सांगितलं. त्या शेजारच्या बाळाचं वजन करायला आल्या होत्या. मी त्यांना कुंपणापाशी गाठलं. कर्जतच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनाच्या डॉक्टर येतात, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, असं त्या म्हणाल्या. मी आजूबाजूला बघत होतो, कुणी ऐकत तर नाही ना. त्यांच्या ते लक्षात आलं.

"तिथं काय येडे जात नायत," त्या म्हणाल्या. "माझी सासू जाते. येडी हाय का ती? मला रोज शिव्या घालते, अगदी शुद्धीवर."

पहिला मंगळवार मी घालवला. सकाळी बाबांना सरळ म्हणालो, "बाबा, कर्जतला डॉक्टर आहेत. तुमाला झोप नाही. एकदा दाखवून येऊ."

"मी येडा हाय?" ते खराटा खाली ठेवून म्हणाले. "येडा तू. चांगली शाळा सोडलीस नि लोकांच्या चादरी धुवायला समुद्रापार गेलास."

मी पुढं बोललोच नाही. बोललो असतो तर माझ्या चौदाव्या वर्षीचं सगळं बाहेर आलं असतं.

आता हातात एकच मंगळवार उरला होता. गुरुवारचं माझं विमान. परत गेलो नाही तर नोकरी जाणार, आणि असाच गेलो तर बाबा पुढच्या वेळी काय सरकवतील, की परत भिंतीकडे तोंड करून पडतील आणि या खेपेला उठणारच नाहीत, या विचारानं मला जेवण जात नव्हतं. आठवडाभर मी दुसरा काही मार्ग शोधत होतो.

आमच्याकडे दवाखान्यात कुणी एकटं जात नाही. दात काढायचा असला तरी सोबत लागते, आणि सोबतीला चल म्हटलं तर नाही म्हणायची रीत नाही. यावरूनच मला सुचलं. पेशंट आईला करायचं. केसपेपर तिच्या नावाचा काढायचा, बाबा सोबतीला येतील, आणि एकदा डॉक्टरांच्या समोर आले की त्या बघून घेतील.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय होतंय म्हनून सांगू?"

"सांग की झोप येत नाही."

"ते काय खोटं नाय व्हायचं," ती म्हणाली.

मी ते ऐकलं आणि पुढच्या तयारीला लागलो. ऐकूनही ऐकलं नाही, असंच म्हणायला हवं.

सोमवारी आई बाबांना म्हणाली, "मला उद्या कर्जतला डॉक्टरीनीला दाखवायचं हाय. तुमी चला." बाबांनी कारणही विचारलं नाही. "टमटम सातला असती, साडेसहाला तयार ऱ्हा," एवढंच म्हणाले.

मी एक चिठ्ठी लिहिली. शाळा सुटल्यापासून लिहायची सवय नाही, चार ओळींना अर्धा तास लागला. 'पेशंट आई नाही, वडील आहेत. आईच्या नावावर आणले आहे. त्यांना सांगू नये ही विनंती.' दवाखान्यात खिडकीवरच्या सिस्टरना केसपेपरबरोबर ती दिली. त्यांनी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि कागदाला टाचणी लावून आत पाठवली.

रांग मोठी होती. बाबा एका जागी बसले नाहीत. लोकांच्या चपला त्यांनी भिंतीलगत एका ओळीत लावल्या. पाण्याच्या टाकीचा नळ गळत होता, त्याला कुठून तरी सुतळी आणून बांधली. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "भाऊ, तुमी इथंच कामाला का?" बाबा म्हणाले, "नाय, मालकिनीला घेऊन आलोय. तिला बरं नाय." आई खाली मान घालून बसली होती.

नंबर आला. डॉक्टर तिशीच्या असतील, साध्या सुती कुडत्यातल्या. आई खुर्चीवर बसली, बाबा तिच्या शेजारी उभे, मी दाराशी. चिठ्ठी त्यांच्यासमोर होती. मला वाटलं आता त्या बाबांकडे वळतील. त्या आईकडेच बघत होत्या.

"ताई, काय त्रास होतो?"

"झोप येत नाय," आईनं ठरलेलं सांगितलं.

बाबांनी लगेच सुरुवात केली. "झोप कशी येनार, घराला खिडकी नाय. मी करनार हाय. पूर्वेला चार फुटाची—"

"काका," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमचं पण मी सगळं ऐकणार आहे. आधी ताईंना बोलू दे." आणि परत आईकडे वळून, "झोप येत नाही तेव्हा काय मनात येतं?"

मला वाटलं आई अडखळेल, कारण याचं उत्तर आम्ही ठरवलं नव्हतं. तिनं खुर्ची डॉक्टरांकडे जरा पुढे ओढली. मग म्हणाली, "पावलं ऐकत बसते. ह्यांची. दार वाजलं की मोजते, किती वेळात परत येतात. विहिरीकडं गेले का रस्त्याकडं गेले, आवाजावरनं समजतं मला."

"किती दिवसांपासून?"

"आता दिवाळीपास्नं. तसं बघितलं तर लग्न झाल्यापास्नं. हे पडून असतात तवा श्वास ऐकत बसते. हे उठून पळतात तवा पावलं. मधी कधीतरी चार-सा महिने बरे जातात, पन तवा पन मला झोप नाय येत. आता कंदी सुरू व्हईल म्हनून."

ती रडत नव्हती. बाजारातल्या भावाबद्दल बोलावं तशी बोलत होती. जेवण जात नाही, मागच्या वर्षी विहिरीच्या काठावर बसून एकदा वाईट विचार आला होता, पण बादली आत पडली म्हणून गळ आणायला उठली आणि मग विचार गेला, हेही तिनं त्याच आवाजात सांगितलं. मी दाराची चौकट धरून उभा होतो. मी तिला खोटी पेशंट म्हणून आणलं होतं.

बाबा गप्प झाले होते. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच गप्प बघत होतो.

"हे तू मला कंदी बोल्ली नायस," ते म्हणाले.

"तुमी थांबताय कंदी ऐकायला?"

बाबांनी एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"डॉक्टरीनबाई," ते म्हणाले, "मी थांबत नाय, कारन थांबलो की परत पडंन. दोन वर्सं पडलो होतो. पोराची शाळा गेली त्यात. आडवं झालं की छातीवर कुनीतरी पोतं ठेवल्यासारखं. तवा मग मी आडवाच व्हत नाय." आणि थोड्या वेळानं, "माझा पन कागद काढा."

माझी शाळा कशापायी गेली, हे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांना कळलंच नाही.

मी खिडकीवर गेलो आणि दुसरा केसपेपर काढला. सिस्टरनी नाव विचारलं, वय विचारलं, आणि शिक्का मारताना म्हणाल्या, "चिठ्ठीपेक्षा हे बरं झालं."

डॉक्टर बाबांशी बराच वेळ बोलल्या. मन कधी खूप वर जातं आणि कधी खूप खाली, हा एकच आजार आहे, त्यात आळस नाही आणि सोंगही नाही, असं त्यांनी सांगितलं. रक्त तपासायला लिहून दिलं, गोळ्या दिल्या, पुढच्या मंगळवारी बोलावलं, आणि झोप आलीच नाही तर मंगळवारपर्यंत थांबू नका म्हणाल्या. आईला वेगळी तारीख, वेगळं बोलणं.

"हे बरं व्हतं का?" बाबांनी विचारलं.

"सांभाळता येतं. गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. बराच काळ घ्याव्या लागतील."

"म्हंजे बांधासारखं. दर साली माती घालायची."

"बांधाचं नाव काढू नका तुमी," आई म्हणाली. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

निघताना त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं रागावणार. "आईंना आणलंत हे चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "पण यापुढे चिठ्ठी नको. गोळ्या जेवणात लपवून देणं नको. जे बोलायचं ते त्यांच्यासमोर." मला त्यांच्या पाया पडायचं होतं. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला आणि मी दारात आडवा येत होतो, म्हणून बाजूला झालो.

गुरुवारी मी गेलो. दोन गोळ्यांवर माणूस बदलत नाही. मला निरोप द्यायला आले तेव्हाही बाबा बोलतच होते.

पुढचे महिने सरळ गेले नाहीत. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, हात कापायचे. डॉक्टरांनी एकदा गोळी बदलली, एकदा कमी केली. बाबांचं काम निम्म्यावर आलं. गावात लोक म्हणायला लागले की दवाखान्यानं चांगला माणूस थंड केला. काकांनी त्यांना चावडीवर ऐकवलं, "थंड हाय तर हाय. गरम होता तवा फुकटात बांध घालून घेतलेत ना सगळ्यांनी? तवा कुनी विचारलं का, बाबा जेवलास का?" पेरणीच्या आधी काका आणि बाबा दोघांनी मिळून आमचा बांध होता तिथं परत नेला. पाच दिवस लागले. बाबा मध्ये मध्ये बसायचे, आणि काकाही त्यांच्याबरोबर बसायचे.

भात निघाल्यानंतर एकदा बाबांनी गोळ्या सोडल्या. बरं वाटतंय, आता कशाला, म्हणून. आईनं लपवलं नाही, मंगळवारी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना सांगितलं. घरी येईपर्यंत दोघं भांडली. पण गोळ्या सुरू झाल्या.

मागच्या महिन्यात मी नेहमीप्रमाणे शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी फोन केला. आईनं उचलला. भाजीचं बोलली, मांजरीचं बोलली, आणि मग म्हणाली, "बुधवारी आमी कर्जतला जाऊन आलो."

"बुधवारी? तारीख तर मंगळवारची असते ना. काय झालं?"

"काय नाय. हे पहाटे उठून मला बोल्ले, मला परत चढायला लागलंय, झोप उडली, फावडं घ्यावंसं वाटतंय. मंगळवारची वाट नको बघू, चल. गेलो. ती डॉक्टरीन नव्हती, दुसऱ्या होत्या, त्यांनी फोन लावला तिला. गोळी वाढवली. आता निजलेत."

"आता, दुपारी?"

"मग? झोप लागली म्हनून निजले."

मला बरंही वाटलं आणि रागही आला. दोन दिवस मला कुणी कळवलं नव्हतं. या खेपेला माझ्याशिवाय सगळं झालं होतं. काकांचा फोन नाही, रजा नाही, चिठ्ठी नाही. त्यांना स्वतःला कळलं आणि ते स्वतः उठून गेले.

"मला का नाय सांगितलं?" मी म्हणालो.

आतून बाबांचा झोपेतला आवाज आला. त्यांना बहुतेक फोनचं कळलं होतं. "त्याला म्हनावं," ते म्हणाले, "तू तिथनं काय करनार होतास? इस्तरी कर तू."

"ऐकलंस?" आई म्हणाली.

"ऐकलं," मी म्हणालो.